बिनमाशाचे आक्रे

वसू गेल्याचं मला मर्लने कळवलं. अशी बातमी कानावर आल्यावर माणसाला आधी काय वाटावं याचे काही नियम नसतात, पण मला जे वाटलं ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर हे लिहायला बसण्यात काही अर्थ नाही. शुक्रवारची दुपार होती. जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते. फोन वाजला आणि पलीकडून मर्लचा तो एरवी जिनाभर ऐकू जाणारा आवाज अगदी बारीक होऊन म्हणाला, "शैला, डार्लिंग... वासू इज गॉन." इतक्या वर्षांत तिला 'वसू' काही नीट म्हणता आलं नाही. इथे आखातातच, आमच्यापासून दीड तासावरच्या रास अल खैमाला, मर्लच्या घरी, मर्लच्याच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या वसूचं हृदय थांबलं होतं. मर्ल नर्स आहे. जे जे करण्यासारखं होतं ते तिने केलं, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत करत राहिली. ती सांगत होती, मी ऐकत होते, आणि डोळ्यांत पाणी येण्याच्याही आधी माझ्या मनात आलं... हिच्याकडे? मरायलासुद्धा वसू हिच्याकडेच गेली?

आता या गोष्टीला दीड महिना होत आला. लोक म्हणतात, माणूस गेलं की मागचं सगळं विरघळतं. माझं काहीच विरघळलेलं नाही. वसूची आठवण आली की पाठोपाठ मर्लही येते, आणि मर्ल आली की माझ्या पोटात जे दुखायला लागतं ते आजही तसंच दुखतं.

वसू मला शेवटची भेटली ती त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी. ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच मजल्यावर समोरासमोर आमची दारं. सगळे कामाला गेले की ती यायची, बेल न वाजवता, नुसतं दार ढकलून. त्या दिवशी मी चहा टाकला होता. ती आली, नेहमीसारखा हात वर करून तिने एक्झॉस्ट बंद केला, "हां, आता बोल" म्हणाली आणि ओट्याशेजारच्या लाकडी स्टुलावर बसली. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. खाली पुठ्ठ्याची घडी सारल्याशिवाय ते स्थिर राहत नाही, आणि ती घडी तिनेच कधीतरी करून ठेवलेली. माझ्या स्वयंपाकघरातल्या बटणाला हात लावायची माझ्या नवऱ्याचीही छाती नाही, पण वसूला कुणी काय बोलणार? चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "शैले, उद्या रास अल खैमाला जातेय. शनिवारी सकाळी माझ्याकडे यायचं. काही न खाता यायचं."

"का? कसला उपास?"

"ये म्हटलं की यायचं. खलास." ती हसली, आणि दार तसंच उघडं टाकून गेली. ती रास अल खैमाला निघाली की माझा चेहरा उतरतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्यावर ती काही बोलायची नाही. तिला सगळंच ठाऊक असायचं.

वसूला मी मिळवलं होतं, असं मी म्हणते. आखाती युद्ध संपून वर्ष झालं असेल, तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये नवऱ्याच्या, म्हणजे श्रीधरभाऊजींच्या, मागून दोन बॅगा आणि एक पोळपाट घेऊन ती उतरली. श्रीधरभाऊजी इन्शुरन्स कंपनीत होते, सकाळी जात ते संध्याकाळी येत. वसू वाईची. इतकी शुद्ध शाकाहारी, की केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय कुणाच्या वाढदिवसाला जायची नाही. मी वेंगुर्ल्याची. त्या पहिल्या दिवशी मी सुके बोंबील भाजत होते. गावाहून येताना मी ते वर्तमानपत्राच्या घड्यांत, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, त्यावर साडीत गुंडाळून आणायची, आणि एअरपोर्टवर बॅग उघडली तर काय, या भीतीने विमानात डोळा लागायचा नाही. तर मी भाजत होते आणि दारात ही नवी बाई ओढणी नाकाला लावून उभी. "तुमच्याकडे काही जळतंय का हो?" मी एवढी हसले की चिमटा हातातून पडला. तिला वाटलं, बाई वेडी आहे. पण तरी ती आत आली.

मग मी तिला सगळं दाखवलं. अळूची पानं कुठल्या दुकानात कुठल्या दिवशी येतात, बस कुठे थांबते, गॅसवाल्याला हिंदीत काय सांगायचं म्हणजे तो त्याच दिवशी येतो, खालच्या मलबारी ग्रोसरीवाल्याशी 'यल्ला भाई' म्हणून घाई कशी करायची. मंडळात तिला मी नेलं, हळदीकुंकवात तिची ओळख मी करून दिली. "ही माझी वसू," असं सांगायची मी. दोन वर्षं ती माझीच होती. आम्ही एकत्र बसून जेवायचो, तिचं ताट वेगळं, माझं वेगळं. माझ्या ताटात तळलेला मासा असला की तिने आपलं ताट एक वीतभर बाजूला सरकवायचं आणि मी मुद्दाम पुन्हा जवळ सरकायचं, हा आमचा खेळ होता.

मर्ल वरच्या मजल्यावर राहायला आली ती नाताळच्या आधी. उंच, रुंद, काळीभोर, डोक्याला रंगीत फडकं बांधणारी, त्रिनिदादची. त्रिनिदाद हे नाव तोवर मी फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलेलं. ती जवळच्या एका दवाखान्यात नर्स होती, एकटीच राहायची. नाताळच्या दिवशी तिने आमच्या मजल्यावर एकच ताटली आणली आणि तीही वसूच्या दारात. माझी बेल वाजवली होती, म्हणे. मी अंघोळीत होते. त्या अंघोळीने माझं किती नुकसान केलं!

ताटलीत भज्यांसारखं काहीतरी होतं, गोल, तांबूस, खरबरीत. वसूने तिथल्या तिथे विचारलं आणि त्यात खारवलेला मासा आहे हे कळल्यावर "थँक यू" म्हणून दार लावलं आणि तशीच ताटली घेऊन माझ्याकडे आली. "माशाचं आहे. तू खा." मी ओल्या केसांनी, उभ्या उभ्या सगळे खाल्ले. वसू स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "कसं लागतंय?" "आपल्या सुक्या खाऱ्या माशाची भजी केली तर लागतील तसं. बरं आहे की!" हे आक्रे. तिथल्या घराघरांत सणाला आणि एरवीही नाश्त्याला तळतात, हे मला मागाहून कळलं.

आता ताटली रिकामी झाली, पण आपल्याकडे शेजारणीची ताटली रिकामी परत करत नाहीत. साखर घालू, फळ ठेवू, काहीतरी ठेवू. वसूने काय करावं? आक्रे बघून बघून, जसेच्या तसे दिसणारे, पण माशाऐवजी उकडलेलं कच्चं केळं कुस्करून घातलेले आक्रे तिने केले. तीच कांद्याची पात, तोच तांबूस रंग, तेवढाच आकार. आणि ते त्याच ताटलीत ठेवून, वर नॅपकिन घालून मर्लच्या दारात नेऊन दिले. तिच्या मते याच्याइतका मान दुसरा नव्हता. मर्लने नॅपकिन उचलून पाहिलं तर तिचेच आक्रे परत आलेले! सणाच्या दिवशी दिलेलं अन्न, तोंडही न लावता, नॅपकिन घालून परत. तिच्या देशात भांडण झाल्याशिवाय असं कुणी करत नाही. पुढचे काही दिवस ती लिफ्टमध्ये वसूकडे पाठ करून उभी राहायची आणि वसू बिचारी तिला "हॅपी ख्रिसमस" म्हणत राहायची. शेवटी फ्रिज साफ करताना मर्लने रागारागाने एक तोंडात टाकला, आणि त्यात मासा नाही हे लक्षात आल्यावर तशीच खाली धावत आली आणि वसूला मिठी मारून एवढी हसली की मजल्यावरची सगळी दारं उघडली. माझंही उघडलं. हा सगळा प्रकार मला त्या उघड्या दारात, मर्लकडून, सगळ्यांबरोबर कळला. वसूने मला आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. माझं दुखणं तिथून सुरू झालं.

"चांगलं आहे," मर्ल तिला म्हणाली होती, "पण हे आक्रा नाही, डार्लिंग. हे केळं आहे." आणि मग हेही म्हणाली, की घरापासून इतक्या लांब एकटीने आक्रे खायचे म्हणजे घशाखाली उतरत नाहीत, कुणीतरी त्याच ताटलीतलं खाणारं लागतं. ही गोष्ट वसूने मनावर घेतली. मासा न घालता माशाचे आक्रे करायचे, असे की मर्लला फरक कळू नये, आणि मग दोघींनी एका ताटलीतून खायचे. हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसून जेवत होते. माझ्या ताटातलं खाता यावं म्हणून तिने कधी एक केळं तरी उकडलं होतं का?

पुढची वर्षं वसूचं घर म्हणजे प्रयोगशाळा झाली. कच्च्या केळ्यानंतर केळफूल आलं, मग सुरण आला, त्याने सगळ्यांचे घसे खाजले. मग सातवा नावाच्या वस्तीतल्या एका फिलिपिनी दुकानात तिला मिठाच्या पाण्यातल्या कोवळ्या फणसाचा डबा सापडला. त्याचे धागे माशाच्या मांसासारखे सुटतात. ते पिळून, मीठ चोळून, धुतलेल्या पंच्यावर पसरून ती बाल्कनीत वाळवायची. इथल्या उन्हात दोन दिवसांत त्याचं खाऱ्यासारखं कडक पान होई. मग ते गरम पाण्यात भिजवायचं, पिळायचं, पुन्हा भिजवायचं, अगदी खारा मासा भिजवतात तसं. त्रिनिदादला त्यात घालतात तो पाला इथे हिरव्या झातरच्या रूपात अरबी भाजीवाल्याकडे मिळायचा, जुड्याच्या जुड्या. त्याला ओव्याचा वास येतो. यीस्ट घालून पीठ फुगवायचं, आणि भज्यांवर बसलेला वसूचा हात त्या पिठावरही बसला. समुद्राचा वास यावा म्हणून तिने त्याच फिलिपिनी दुकानातून शेवाळाचे काळे कागद आणले तेव्हा श्रीधरभाऊजींनीही हात टेकले. "हे शाकाहारी कसं?" "समुद्रातली पालेभाजी आहे," वसू म्हणाली.

एक गोष्ट सांगायला हवी. वसू स्वयंपाक करताना कधीच चव बघत नसे. लहानपणापासून घरात नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही ही शिस्त, ती इथेही तशीच. पहिल्या घाण्यातला एक आक्रा देव्हाऱ्यापुढे जाई. आमच्या बिल्डिंगमधल्या त्या एका बाळकृष्णाने जेवढं त्रिनिदादचं खाल्लं असेल तेवढं दुसऱ्या कुठल्या बाळकृष्णाने खाल्लेलं नसेल. आणि चव बघून तरी तिला काय कळणार होतं? मूळ माशाची चव तिने जन्मात घेतलेली नाही. तिला हवा होता दुसऱ्या कुणाचा चेहरा. गुरुवारी अर्धा दिवस असायचा, संध्याकाळी मर्ल ड्यूटीवरून येई, वसूच्या दिवाणखान्यात बसे, एक आक्रा उचले, आणि वसू तिच्यासमोर हात मांडीवर घेऊन तिच्या भुवया, तिचे गाल, तिचा घास बघत राही. हे मला कसं माहीत? माझ्या दाराला काचेचा डोळा आहे आणि वसू आपलं दार कधी लावायची नाही. हसा खुशाल.

जन्मापासून मासे खाल्ले मी. खारा, बोंबील, सुकट, बांगडा, सुंगटं. डोळे बांधून नुसत्या वासावर ओळखीन. आणि चव बघायला बोलावते कुणाला, तर वरच्या मजल्यावरच्या मर्लला! मी नवऱ्याला, सुरेशला, हे सांगायची तेव्हा तो पेपरातून डोकंही वर काढायचा नाही. "मग जा ना आणि सांग तिला, मी बघते चव."

"मी का सांगू? बोलवायला नको?"

"मग बस."

मी बसले. वसू मात्र आपली यायची ती यायचीच. विशेषतः शुक्रवारी सकाळी मी बोंबील भाजायला घेतले की दोन मिनिटांत दारात. "बाई गं, काय हा वास! बिल्डिंग खाली करशील," असं म्हणत नाकाला ओढणी लावायची आणि पहिलं काम काय, तर एक्झॉस्ट बंद. "त्याच्या घरघरीत तुझं काही ऐकू येत नाही." मग स्टुलावर बसून बोंबील भाजून, कुटून, चटणी होईपर्यंत उठायची नाही. धूर घरभर. माझी मुलगी मृणाल खोलीतून ओरडायची, "मम्मा, धिस इज सो एम्बॅरसिंग!" आणि आम्ही दोघी बोलत बसायचो. सासवा, नवरे, गाव, इथून कधी परत जायचं, गेलो तर तिकडे कुणाच्या ओळखी राहिल्यात... या बोलण्यात मर्लचं नाव आलं की मी उगाच कढई घासायला घ्यायची.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते मंडळाच्या मेळ्यात. दर हिवाळ्यात इथल्या एका शाळेच्या मैदानावर आमचा मेळा भरतो, आणि बटाटेवड्यांचा स्टॉल माझा, हे सगळ्यांना माहीत. माझ्या वड्यासाठी शारजाहून माणसं येत. त्या वर्षी दोन स्टॉल सोडून वसू आणि मर्ल उभ्या राहिल्या. वर पाटी, 'बिनमाशाचे आक्रे'. मर्ल अ‍ॅप्रन घालून "कम, हबीबी, कम" असं ओरडत होती आणि वसू तळत होती. सुरुवातीला लोक नुसते बघून जात होते. मग कुणीतरी एक खाल्ला. मग दुसऱ्याने. मग माझ्यासमोरची रांग हळूहळू तिकडे वळली, आणि त्या रांगेत मला कोण दिसावं? सुरेश! खिशात हात घालून, शिट्टी वाजवत. मृणाल तर दोन्ही गाल फुगवून आली, "मम्मा, यू हॅव टू ट्राय धिस. इट टेस्ट्स लाइक फिश बट इट इजन्ट!" वसूने अध्यक्षांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांना ताटल्या पाठवल्या. माझ्याकडे एकही ताटली आली नाही. सुरेशने टिश्यूत गुंडाळून एक आणला, तो मी तसाच परत केला. दिलेलं खाईन, मागून आणलेलं खाणार नाही.

संध्याकाळी भांडी आवरताना वसू माझ्याकडे आली. तिचा चेहरा काळजीचा होता. "सुरेशभाऊजींनी तुला आक्रा दिला का गं?"

"नाही खाल्ला मी."

तिने चक्क सुस्कारा सोडला. "बरं झालं."

बरं झालं! मी तेलाची कढई तिच्या पायावर सोडली नाही हेच नशीब. त्या रात्री मी जेवले नाही आणि सुरेशलाही नीट जेवू दिलं नाही.

मग मर्लला रास अल खैमाच्या एका हॉस्पिटलात चांगली नोकरी लागली आणि ती गेली. तिचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी खाली उभी राहून जो हात हलवला तो अगदी मनापासून. वाटलं, आता दोन दारं, मधे कुणी नाही. कसलं काय! वसू पंधरा दिवसांनी एकदा डबा भरून टॅक्सीने रास अल खैमाला जाऊ लागली. पीठ तिकडे जाऊन फुगवायचं, तिकडे तळायचं. "अगं, एवढी लांब कशाला? फोन कर," मी म्हणाले. "चव फोनवर कशी बघणार?" ती म्हणाली. माझ्या तोंडात जीभ आहे हे तिला दिसत कसं नव्हतं, हे मला कळेना. माझं दार तिच्या दारापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, आणि ही बाई वाळवंट तुडवत चव बघायला जाते. हे असं वर्षानुवर्षं चाललं, त्या शुक्रवारपर्यंत.

वसूला इथेच अग्नी दिला. श्रीधरभाऊजी अस्थी घेऊन वाईला गेले, परत आले, आता ते फ्लॅट सोडणार आहेत. त्या शनिवारी सकाळी मी काहीही न खाता तिच्या बंद दाराकडे बघत बसले होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मर्ल माझ्याकडे आली ती तेराव्यानंतर एका शुक्रवारी. तिच्या हातात वसूची स्टीलची ताटली होती आणि पिशवीत एक डबा. "मी रिकामी ताटली आणली नाही," ती म्हणाली. डोळे सुजलेले. गेली त्या सकाळी वसूने रास अल खैमाला वाळवलेला फणस भिजवून, मसाला लावून ठेवला होता, तळायचा राहून गेला. मर्लने तो फ्रीझरमध्ये टाकला होता. पीठ तिने घरून भिजवून आणलं होतं. तिने माझ्या ओट्यापाशी उभं राहून तळायला घेतलं आणि मी, जिला त्या बाईला माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवू द्यायचा नव्हता, मी तिला झारा काढून दिला.

तळता तळता ती बोलत होती. तिचं इंग्रजी गाण्यासारखं वरखाली जातं, त्यामुळे वाईट गोष्टही सुरात सांगितल्यासारखी वाटते. म्हणाली, "तुला माहीत आहे ना, तिने मला का निवडलं? मला फसवणं सोपं होतं. मला घरची आठवण यायची, मला फसायचंच होतं. ती म्हणायची, मर्ल, तू पास करशील, पण शैला करणार नाही. शैलाची जीभ फसली तरच झालं. तोवर तिला एक घाससुद्धा द्यायचा नाही. आणि त्या दिवशी मला म्हणाली, आता झालंय. शनिवारी शैलाला बोलावलंय. तिने ओळखलं नाही तर तिच्या ताटातून जेवणार आहे."

मर्ल पुढे म्हणाली, "आणि तो वास... तो तर ती इथेच शिकली. मी तिला माशाचा वास कसा सांगणार? ती म्हणायची, शैलाच्या किचनमध्ये जाऊन बसते मी, तिचे ते सुके मासे भाजताना. फॅन बंद करते, म्हणजे वास जात नाही. नाकात भरून घेते आणि घरी येऊन तसं करते. शी कॉल्ड इट द शैला स्मेल." असं म्हणून ती हसली आणि लगेच रडायला लागली.

ताटली माझ्यासमोर आली. मी एक आक्रा उचलला, फोडला. वाफ नाकात गेली आणि क्षणभर मला खरोखर वाटलं, शुक्रवार आहे, मी बोंबील भाजतेय. नाक साफ फसलं. मग मी तो खाल्ला. जीभ फसली नाही. फणस होता. उत्तम होता, पण फणसच होता. ती समोर असती तर मी तिला खरं तेच सांगितलं असतं, "फणस लागतोय गं," आणि ती तोंड पाडून उठली असती, पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू केलं असतं, आणखी दहा वर्षं माझ्या स्टुलावर येऊन बसली असती. मर्लने विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "मासाच." आम्ही दोघींनी उरलेले त्या एका ताटलीतून खाल्ले.

ती गेल्यावर मात्र मी चांगलीच बिथरले. म्हणजे तो पंखा माझं बोलणं ऐकू यावं म्हणून बंद होत नव्हता! इतकी वर्षं मला वाटत होतं की ही माझ्यासाठी येते, माझ्या गप्पांसाठी धूर सोसते. आणि ही येत होती बोंबलांसाठी. मर्लचा मत्सर करून झाला, आता मला माझ्याच डब्यातल्या सुक्या बोंबलांचा मत्सर वाटू लागला. शिवाय हे सगळं मर्लला ठाऊक, आणि मला नाही. मला वास येत होता, तिला गुपित मिळत होतं. पुढचे काही दिवस मी ते स्टूल बाल्कनीत नेऊन ठेवलं. वाटलं, भंगारात द्यावं.

परवा सकाळी सगळे गेल्यावर मी चहा टाकला. पाणी उकळायला लागलं. एक्झॉस्टची घरघर चालू होती, आणि का कोण जाणे, ती मला सहन होईना. मी हात वर केला, बटण बंद केलं, आणि हात तसाच बटणावर राहिला. तो शेवटचा बुधवार मला जसाच्या तसा दिसला. ती आली, तिने हात वर केला, "हां, आता बोल" म्हणाली आणि बसली. त्या दिवशी बोंबील नव्हते. तिचा आक्रा तर झाला होता, तिला आता माझ्याकडून काही नाकात भरून न्यायचं नव्हतं. गॅसवर नुसता चहा होता.

मी बाल्कनीतून स्टूल आत आणलं, पायाखाली तिची पुठ्ठ्याची घडी सारली. हे मी मर्लला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. तिला मराठी वाचता येत नाही, हे एक बरं आहे.